परोपकाराला देव लागतो का?

गोव्यात हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या लाऊडस्पीकरवरून कानांवर पडतो. देवळाच्या सभामंडपात सप्ताह चालू असतो आणि कीर्तनकार बुवा रंगात येऊन विचारतात, देवाचे भयच गेले तर माणूस माणसाला कशाला विचारील? चार शेते पलीकडे फेस्ताची नोव्हेना, म्हणजे चर्चच्या सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, चालू असते आणि पाद्रीबाब कोकणीतून जवळपास तेच सांगत असतात. दोघांची एकमेकांशी चांगली ओळख असते. चतुर्थीच्या नेवऱ्या इकडून तिकडे जातात, नाताळचा दोदोल तिकडून इकडे येतो. कोणाचा देव खरा यावर मतभेद असतील, पण देवावाचून दया नाही यावर दोघांचे एकमत.

मला हे पटत नाही. आणि 'आम्ही स्वर्गाच्या आशेशिवाय चांगले वागतो, म्हणून आमचेच चांगुलपण अस्सल' असे म्हणत कॉलर ताठ करणाऱ्या माझ्या बुद्धिवादी मित्रांचेही सगळे पटत नाही. पण आधी बुवा आणि पाद्रीबाब.

बुवांच्या तोंडी सप्ताहात एकदा तरी येणारच, म्हणून तुकोबांपासूनच सुरुवात करू. 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले, तोचि साधू ओळखावा, देव तेथेचि जाणावा.' आपण हे इतक्यांदा ऐकलेले असते की त्यातला क्रम लक्षातच येत नाही. आधी देव कुठे आहे ते ठरवा आणि मग तिथे दया शोधा, असे तुकोबा म्हणत नाहीत. आधी रंजल्यागांजल्यांना आपले म्हणणारा माणूस शोधा, देव तिथे आहे असे समजा, असे म्हणतात. परीक्षा दयेची आहे आणि परीक्षेला बसलाय देव. दुसऱ्या अभंगात तर त्यांनी पुण्य म्हणजे परउपकार आणि पाप म्हणजे परपीडा, असा सरळ हिशेबच मांडला आहे. टिळा, माळ, उपास, वारी यांतले काहीही त्या व्याख्येत नाही. हे लिहिणारा माणूस विठ्ठलाशिवाय श्वास घेत नव्हता, हे विसरू नये.

ग्रीसमध्ये सॉक्रेटिसाने हाच पेच युथिफ्रो नावाच्या एका धार्मिक गृहस्थापुढे टाकला होता. एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून ती पवित्र, की ती पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? पहिले उत्तर धरले, तर उद्या देवाला छळ आवडू लागला की छळही सत्कर्म ठरेल. एकही सश्रद्ध माणूस हे मान्य करणार नाही. दुसरे धरले, तर चांगुलपण देवाच्या आधीपासून उभे आहे आणि देवही त्याच्याकडे बघूनच आवडनिवड ठरवतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा पेच अजून घोळवतात. आपल्याकडे तो अभंगात सुटलेला आहे, फक्त टाळ-मृदंगाच्या गजरात कोणाच्या लक्षात येत नाही. 'देवाचा स्वभावच चांगला, म्हणून प्रश्नच उद्भवत नाही' हे उत्तर मी ऐकले आहे. पण तो स्वभाव चांगला आहे हे तुम्हाला कशावरून कळले? ओळखण्यासाठी हातात काहीतरी आधी हवेच.

पाद्रीबाबांच्या ग्रंथातही हेच आहे. वाटमाऱ्यांनी झोडपून टाकलेला माणूस रस्त्याकडेला पडलाय. एक याजक येतो, बघतो, पलीकडून निघून जातो. देवळाचा सेवक असलेला एक लेवीही तसाच जातो. थांबतो तो शोमरोनी. येशूच्या श्रोत्यांच्या लेखी शोमरोनी म्हणजे धर्म बाटवलेला, विटाळाचा माणूस. 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितलेली ही गोष्ट आहे आणि तिच्यातले दोन्ही धर्माधिकारी नापास आहेत. ज्याची श्रद्धा 'चुकीची', तो पास. दया योग्य श्रद्धेतूनच येते असे सांगायचे असते, तर ही गोष्ट अशी रचलीच नसती.

इतिहासातला पुरावा हवा असेल तर लांब जायला नको, जुन्या गोव्याला जाऊ. आज तिथे पर्यटक चर्चसमोर उभे राहून फोटो काढतात. सोळाव्या शतकात त्याच शहरात दोन संस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. एक मिझेरिकॉर्दिया. लिस्बनमध्ये १४९८ साली सुरू झालेला हा दयाधर्माचा बंधुसंघ पोर्तुगीजांबरोबर इकडे आला. आजाऱ्यांची शुश्रूषा, कैद्यांना अन्न, अनाथ मुलींची सोय, बेवारस प्रेतांना मूठमाती, अशी कामे तो करी. दुसरी संस्था इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारे चर्चचे न्यायालय. १५६० मध्ये सुरू झाली आणि मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालली. आदिलशहाच्या जुन्या वाड्यात तिचे ठाणे होते. लोक त्या इमारतीला नुसते 'व्हडलें घर' म्हणत, पुढचे नाव घ्यायची हिंमत नसे. दोन्हींचा ग्रंथ एक, क्रूस एक, राजा एक. पहिल्या संस्थेतले बांधव शिक्षा झालेल्या कैद्याला शेवटचा धीर द्यायला जात, दुसरीतले न्यायाधीश त्याच क्रुसासमोर शिक्षा सुनावत.

आज कोणताही समजूतदार ख्रिस्ती माणूस सांगेल की पहिले खरे ख्रिस्तीपण आणि दुसरे त्याचा विपर्यास. मलाही तसेच वाटते. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या अशा पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. पण खरे कोणते आणि विपर्यास कोणता, हे ठरवताना माप कुठून आणले? ग्रंथातून आणले म्हणावे, तर इन्क्विझिटरही ग्रंथच उघडून बसला होता आणि त्याचे लॅटिन आपल्यापेक्षा बरे होते. माप आले ते छळल्या गेलेल्या माणसाच्या अंगावरच्या वळांवरून.

आपल्या बाजूची गोधडीही उसवून बघावी. गावच्या विहिरीवर तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणारे हात अधर्मी नव्हते, सोवळे नेसलेले होते. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी ओंजळीत घेतले, तर नंतर सनातन्यांनी तळे विधिपूर्वक शुद्ध करून घेतले. त्याआधी १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. फुले नास्तिक नव्हते, निर्मिक मानत होते. पण हौद उघडायला त्यांना कुठल्या पोथीची परवानगी लागली नाही आणि तळे 'शुद्ध' करणाऱ्यांना मात्र पोथी हाताशी लागली. गोव्यात धर्म बदलला तरी जात चर्चच्या कोंफ्रारियांत, म्हणजे तिथल्या बंधुसंघांत, जाऊन बसलीच, हेही इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको.

तर धर्माला तपासणारे माप धर्माच्या बाहेर आहे. मग ते आले कुठून?

शास्त्रज्ञांचे उत्तर थोडक्यात सांगतो, कारण ते आता बरेच पसरलेले आहे. दीड वर्षाच्या मुलासमोर अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडली आणि त्याचा हात पोचत नसेल, तर पुष्कळ मुले उठून ती उचलून देतात. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००६ मध्ये हे प्रसिद्ध केले. शिकागोच्या एका प्रयोगशाळेत २०११ मध्ये उंदरांनी नळीत कोंडलेल्या सोबत्याला दार उघडून सोडवले, शेजारच्या नळीत चॉकलेट ठेवलेले असतानाही. उंदराला कोणी प्रवचन दिलेले नव्हते. उत्क्रांतीवाल्यांपाशी यांची कारणे आहेत: रक्ताच्या नात्याला मदत केली तर आपलाच वंश टिकतो, आज तू मला तर उद्या मी तुला, वगैरे. दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी मी जीव देईन, असे जीवशास्त्रज्ञ हाल्डेनसाहेब गमतीने म्हणत, अशी आख्यायिका आहे. हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिले, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, आणि देव-परलोक न मानणाऱ्या या माणसाने आपला देह वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन टाकला. तिथे शिकणाऱ्यांत त्यांचा एकही चुलतभाऊ नसावा.

पण ही सगळी 'कसे आले' याची उत्तरे झाली. बुवा इथे मला अडवू शकतात आणि अडवावेच. ते म्हणतील, अरे, माणसात दया उपजत आहे म्हणतोस, तसे दुसऱ्याला ओरबाडणेही उपजतच आहे. त्यातले एक करावे आणि दुसरे करू नये, हे तुझ्या उंदराने कुठे सांगितले? बरोबर आहे. जे आहे त्यावरून जे असावे ते निघत नाही, हे ह्यूम या तत्त्वज्ञाने अठराव्या शतकातच सांगून ठेवले आहे.

माझे उत्तर साधे आहे. माझी दाढ रात्री ठणकू लागली की ती वाईट गोष्ट आहे, ती थांबावी, हे कळायला मला शास्त्राधार लागत नाही. ते वाईटपण ती दाढ माझी आहे म्हणून आलेले नाही, दुखण्यातच आहे. शेजारच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बिहारी पोराची दाढ दुखत असेल, तर नेमके तेच वाईटपण तिथेही आहे. फरक एवढाच की ते मला जाणवत नाही. न जाणवणे हा माझ्या नजरेचा अपुरेपणा झाला, त्याने त्याचे दुखणे कमी खरे होत नाही. आपल्याला जे प्रतिकूल वाटते ते दुसऱ्याशी करू नये, हे महाभारतात सांगितले आहे, गीतेत 'आत्मौपम्येन' आहे. दोन्हीकडे 'देवाने सांगितले म्हणून' असे कारण नाही. स्वतःवरून दुसऱ्याचे ओळख, असा तो तर्क आहे. यक्षाच्या तळ्याकाठी चारी भाऊ मरून पडलेले असताना युधिष्ठिराने भीम-अर्जुनाला सोडून नकुलाचे प्राण मागितले, त्याचेही कारण तसेच घरगुती होते. कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक असू दे. यात मोक्षबिक्ष काही नाही, दोन आयांचा विचार आहे. आणि याच संवादात तो म्हणतो, आनृशंस्य हाच परम धर्म. क्रूर न होणे.

धर्मानंद कोसंबी आपल्याच साकवाळचे. जग निर्माण करणारा ईश्वर न मानणाऱ्या बुद्धाच्या शोधात ते तरुणपणी घर सोडून निघाले आणि नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पालथे घालून आले. करुणेला कर्त्याची गरज नसते, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच या देशात सांगून झालेले आहे. मी काही नवे सांगत नाही.

मग एवढे सगळे स्पष्ट असताना आपण थांबत का नाही? हा मला खरा अवघड प्रश्न वाटतो आणि इथे आस्तिक-नास्तिक दोघेही सारखेच उघडे पडतात. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या सेमिनरीत, म्हणजे पुढे धर्मोपदेशक होणार असलेल्या तरुणांवर, एक प्रयोग केला. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवले. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत दारात पडलेला, अर्थात ठरवून बसवलेला. काहींच्या भाषणाचा विषय चक्क शोमरोन्याची गोष्ट होता. ज्यांना 'वेळ आहे, सावकाश जा' असे सांगितले होते त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. 'उशीर झालाय, पळा' असे सांगितलेल्यांतले १० टक्के. शोमरोन्यावर बोलायला निघालेले इतरांपेक्षा फार जास्त थांबले असे काही आढळले नाही. काही जण तर म्हणे त्या कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून शोमरोन्यावर बोलायला गेले. मडगाव-पणजी हमरस्त्यावर सकाळी नऊला अपघात होतो तेव्हा काय होते, ते आठवून बघा.

म्हणजे मनात दया असणे पुरत नाही आणि ग्रंथ पाठ असणेही पुरत नाही. ती हातून घडावी अशी काहीतरी व्यवस्था लागते. अशी एक व्यवस्था गोव्यात शेकडो वर्षे होती, आणि या वादातला माझा सगळ्यात मोठा साक्षीदार तीच आहे: खाजनांचे बांध.

ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मांडवी-झुआरीच्या आणि त्यांच्या फाट्यांच्या काठची सखल जमीन भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी. ती मातीचे बांध घालून शेतीखाली आणली. बांधात मानस, म्हणजे पाण्याची दारे. लाकडी फळ्या अशा बसवलेल्या की भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून निघून जाते. आत कोरगुट भात, थोडा खारेपणा सोसणारे. बांधाच्या जिवावर टपलेल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे. एका कुर्लीने पोखरलेले बीळ वेळेवर बुजवले नाही, तर अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला तिथूनच खिंडार पडते आणि पाणी फक्त त्या एकाच्या शेतात जात नाही, अख्ख्या खाजनात शिरते. मीठ उतरायला मग पुढचे काही पावसाळे जातात. त्यामुळे बांध फुटला की कोणाच्या शेताशेजारी फुटला हे विचारत बसायचे नाही, माती आणि पेंढा घेऊन धावायचे, असा दंडक. गावकारी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची सामाईक संस्था, त्याची देखरेख करी. आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ मध्ये या गावकाऱ्यांचे रिवाज कागदावर उतरवले, म्हणजे ते त्याआधीपासूनचे.

श्रद्धाळू माणूस इथे म्हणेल, पण बांधावरही देव असतोच की. असतो. कुठे मानशीपाशी देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदाराची, जागा असते, त्याला रोट आणि विडी ठेवतात. कुठे पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, उभा असतो, त्याला मेणबत्ती लावतात. नेमके इथेच थांबून बघायला हवे. सोळाव्या शतकात तिसवाडीत, साष्टीत गावेच्या गावे बाटली. देवचाराच्या जागी खुरीस आला, प्रार्थनेची भाषा बदलली, मेल्यावर जाण्याचे ठिकाणही बदलले. बांध मात्र त्याच माणसांनी, त्याच मातीने, त्याच भरतीआधी भरले. राखणदार बदलला तरी कर्तव्य तसेच राहिले. दयाधर्म किंवा सहकार्य देवावर उभे असते, तर देव बदलल्याबरोबर ते डगमगायला हवे होते. उलट नवा देव जुन्या कर्तव्यावर येऊन उभा राहिला.

आता या बांधाला लागलेली बिळेही दाखवतो, नाहीतर वकिली होईल. एक तर यात स्वार्थ होता. माझे शेत बुडेल म्हणून मी तुझा बांध भरतो, याला निखळ परोपकार म्हणता येत नाही. आणि दुसरे, हे वर्तुळ बंद होते. गावकारीत हक्क गावकाराचा, तोही पुरुषाच्या वंशाने चालणारा. लेकी-सुनांना त्यात जागा नव्हती, राबणाऱ्या कुळांना नव्हती. गोवा मुक्तीनंतर १९६४ चा कुळ कायदा आला, न्याय झाला, पण बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर गेली आणि पुष्कळ ठिकाणी ती कोणाचीच राहिली नाही. काही ठिकाणी सुंगटांच्या (कोळंबीच्या) लोभाने मानशीची दारे मुद्दाम उघडी टाकली जातात, शेजारचे भात गेले तर गेले. देवचार आणि खुरीस दोघेही अजून जागेवर आहेत. त्यांच्या असण्याने ते थांबलेले नाही.

वर्तुळाची गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्यातल्यांना मदत करणे हे कुठल्याही टोळीला जमते. परोपकाराची कसोटी लागते ती वर्तुळाबाहेरच्या माणसापाशी, आणि आजच्या गोव्यात त्या माणसाला नाव आहे: भायलो. आणखी तुसडेपणाने, घाटी. मासळी बाजारात टोपल्या उचलणारा, बांधकामावर स्लॅब ओतणारा, आपल्या म्हाताऱ्या आईला अंघोळ घालणारी बाई, हे सगळे भायले. जमिनी विकत घेऊन डोंगर कापणारा दिल्लीवालाही भायलाच, पण त्याला आपण साहेब म्हणतो, हा भाग वेगळा. गोव्याची जमीन, पाणी, नोकऱ्या यांबद्दलची भीती खोटी नाही, मलाही ती आहे. पण टोपली उचलणाऱ्या पोराला अपघात झाला तर त्याला उचलायचे की नाही, या प्रश्नात ती भीती आणायचे काही कारण नाही. ती आणली जाते, आणि आणणारे दोन्ही धर्मांचे नियमित उपासक असतात.

रक्तदान शिबिरात मी अधूनमधून अर्ज भरून घ्यायला बसतो. तिथला सगळा मामला मला फार आवडतो. बोटाला सुई टोचतात, रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसे, तरंगला तर चहा पिऊन घरी जा. मग खाट, पिशवी, ती मंद हलवत ठेवणारे यंत्र, साडेतीनशे मिलिलिटर, आणि शेवटी केळे-बिस्किट. एकदा एक तरुण दंडाला पट्टी बांधता बांधता म्हणाला, 'आमचें रगत भायल्यांकूय दितात काय?' नळी बंद करत असलेल्या तंत्रज्ञाने वर न बघता सांगितले, 'बॅगेर कोणाचेंच नांव नासता, बाबा.' खरेच नसते. गट, क्रमांक, तारीख. लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. तेवढ्यात ते कोणाच्या तरी शिरेत जाते आणि कोणाच्या ते देणाऱ्याला कधीच कळत नाही. तो तरुण पुढेही येत राहिला का, मला माहीत नाही. त्या दिवशी मात्र रक्त देऊन गेला.

याउलट देवळातले पंखे बघा. प्रत्येक पात्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक यांजकडून'. पंखा जोरात फिरू लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून काही ठिकाणी तो मंदच फिरतो असा माझा जुना संशय आहे. चर्चच्या बाकांवरही पितळी पाट्या असतात. मी याला वाईट म्हणत नाही, पंख्याखाली मीही बसतो. पण पुण्य जमा होण्याच्या किंवा नाव राहण्याच्या आशेने दिलेले दान म्हणजे मुदत ठेव. आणि देवाच्या भयाशिवाय कोणी देणारच नाही असे म्हणणाऱ्याने त्या बिननावी पिशवीचा खुलासा करायला हवा.

तिथे पैसाही नसतो. एके काळी होता. पैसे घेऊन रक्त विकणारे होते, त्यात गरीब, व्यसनी, आजारी माणसे पिळली जात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात रक्ताची विक्री बंद झाली. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मध्येच दाखवले होते की ब्रिटनमधले फुकट दिलेले रक्त अमेरिकेतल्या विकतच्या रक्तापेक्षा सुरक्षित होते. देणारा फायद्यासाठी आलेला नसला की आजार लपवत नाही. म्हणून आता सरकारने अपघातग्रस्ताला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्या 'राह-वीरा'ला २५ हजार रुपये जाहीर केले आहेत, त्याबद्दल मी साशंक आहे. माणसे थांबत नाहीत ती पैसे मिळत नाहीत म्हणून नव्हे. पोलीस ठाण्याच्या फेऱ्या नकोत म्हणून. ते भय घालवणारे कलम मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले आहे: मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, दवाखान्याने त्याला अडवून ठेवायचे नाही. त्याची पाटी किती दवाखान्यांच्या दारात तुम्ही पाहिली आहे?

आता माझ्या बुद्धिवादी मित्रांकडे. त्यांचा तर्क बरोबर आहे हे मी आतापर्यंत त्यांच्याच बाजूने सांगत आलो. आगरकरांपासून ती परंपरा मराठीत आहे, इहलोकातल्या माणसाच्या सुखदुःखावर नीती उभी करा असे सांगणारी. विजयवाड्याचे गोरा तर कट्टर नास्तिक असून आयुष्यभर अस्पृश्यतेविरुद्ध राबले आणि गांधीजींशीही त्यावर वाद घालून आले. पण आपल्याकडे पाहिले तर मडगावचे हॉस्पिसियो हे इस्पितळ १८६७ मध्ये पाद्री मिरांडांनी उभे केले. पुराच्या वेळी पहिले जेवण बहुधा देवळाच्या अग्रशाळेत किंवा चर्चच्या सभागृहात शिजते, कारण मोठी भांडी, मोठी चूल आणि हाकेला येणारी माणसे तिथेच असतात. वाचनालयात चर्चा करून आपण घरी जातो. परोपकाराचा पाया धर्माबाहेर आहे एवढे सिद्ध केल्याने त्या पायावर भिंत चढत नाही. धर्माने माणसांना एकत्र यायचा वार दिला, जागा दिली, सवय दिली. त्याला पर्याय म्हणून आपण काय दिले, तर गोमेकॉसारखी (गोवा मेडिकल कॉलेज) सरकारी इस्पितळे आणि ती चालवणारा कर. ही लहान गोष्ट नाही, तिथे दारात कोणी श्रद्धा विचारत नाही. पण कर भरला की माझे काम संपले, असे वाटायला लावण्याची खोडही तिच्यात आहे.

रक्तदान शिबिरांचे वेळापत्रक काढून बघा. जत्रेचा मोसम, फेस्ताचा मोसम, कोणा साधूची जयंती, एखाद्या राजकारण्याचा वाढदिवस, आणि कॉलेजे चालू असतानाचे महिने. मे महिन्यात कॉलेजे बंद, घरोघर पाहुणे, लग्ने, आणि नेमका तेव्हा तुटवडा. जुलै-ऑगस्टात डेंगी येतो आणि प्लेटलेटसाठी नातेवाइकांचे मेसेज फिरू लागतात. पाच दिवस टिकणारी वस्तू जयंतीची वाट बघत नाही. मेच्या दुसऱ्या रविवारचे आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यातले शिबीर गावातल्या फुटबॉल क्लबाने, वाचनालयाने, पंचायतीने अंगावर घ्यावे आणि ग्रामसभेत त्याची तारीख डोंगर-जमिनीच्या विषयाआधी ठरावी. मंडप हवा असेल तर बुवांचा आणि पाद्रीबाबांचा दोघांचाही रिकामा असतो. ते देतील, मी विचारून ठेवले आहे.